‘कम्फर्टेबली नम्ब’ बसवायचंय? आधी गाण्याचा स्टेजवरचा इतिहास असा काढा

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, कुठंही जा, कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांचा बँड उभा राहिला की गिटारवाल्याच्या मनात पिंक फ्लॉइड ह्या इंग्लिश रॉक बँडचं ‘कम्फर्टेबली नम्ब’ असतंच असतं, आणि बसवायची पद्धत पण सगळीकडं तीच, यूट्यूबवर टॅब (गिटारच्या कुठल्या तारेवर कुठं बोट ठेवायचं त्याच्या खुणा) बघायचा, शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, महिनाभर घासायचा आणि बाकीचं गाणं दोन दिवसांत उरकायचं. मग स्टेजवर काय होतंय, सोलो वाजतो बरोबर पण गाणं काही उभं राहत नाही. कारण हे गाणं आलं कुठून, त्यात कोण कुणाशी बोलायलंय, पहिल्यांदा स्टेजवर कसं वाजलं, आणि पुढं चाळीस वर्षांत त्यात काय बदललं न् काय तसंच ठेवलं, हे कुणी बघितलेलंच नसतंय. ते बघायला एक वही, बरा हेडफोन आणि थोड्या संध्याकाळी लागतात, बस्स. हेच गाणं धरून सांगतो कसं करायचं, पद्धत कळली की दुसऱ्या कुठल्याही गाण्याला लागू होते.

पहिलं काम म्हणजे गाणं कुणाचं हे नीट बघा, निसतं बँडचं नाव बघून थांबू नका. अल्बम ‘द वॉल’, ३० नोव्हेंबर १९७९ ला इंग्लंडमध्ये आला, दोन रेकॉर्डचा, आणि हे गाणं तिसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. अल्बममधली बहुतेक गाणी बँडचा बासवाला आणि गायक रॉजर वॉटर्स, त्या एकट्याची, गीत-संगीतात गिटारवाला आणि गायक डेव्हिड गिलमोरचं नाव लागलंय ते फक्त तीन गाण्यांना, त्यातलं हे एक. चाल गिलमोरची, १९७८ मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला त्या सुमाराला केलेली आणि तशीच पडून राहिलेली, आणि शब्द वॉटर्सचे. आधी गाण्याचं नाव ‘द डॉक्टर’ असं होतं. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण इथंच अर्धं गाणं कळतं. हे दोन माणसांचं बोलणं आहे. अंतरा म्हणतो तो डॉक्टर, हॉटेलच्या खोलीत बधिर होऊन पडलेल्या गायकाला इंजेक्शन देऊन शोसाठी उभं करायला आलेला, आणि ध्रुवपद म्हणतो तो तो गायक, मनातल्या मनात. रेकॉर्डवर डॉक्टर म्हणजे वॉटर्सचा आवाज आणि पेशंट म्हणजे गिलमोरचा. आपल्याकडं एकच पोरगं दोन्ही भाग एकाच भावात गातंय आणि मग ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता शब्द कुठून आले ते बघा. १९७७ च्या टूरमध्ये फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रममध्ये शो होता, वॉटर्सच्या पोटात जोराची कळ, एका डॉक्टरनं इंजेक्शन टोचलं आणि ह्या माणसानं पुढचे जवळपास दोन तास हात धड उचलता येत नसताना शो केला, हे त्यानं स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. गाण्यात तापाचा उल्लेख येतो तो त्याच्या लहानपणच्या आजारपणातला, हे पण त्याचंच सांगणं. त्याच टूरच्या शेवटी, ६ जुलै १९७७ ला माँट्रियलमध्ये पुढं येऊन धिंगाणा घालणाऱ्या एका प्रेक्षकावर वॉटर्स थुंकला आणि नंतर स्वतःलाच घाबरला, आपल्यात आणि लोकांत भिंत उभी राहिलीय असं त्याला वाटलं, तिथून ‘द वॉल’ची कल्पना निघाली. असल्या गोष्टी लिहिताना एक सवय लावून घ्या, प्रत्येक गोष्टीपुढं ‘हे कोण म्हणालं’ ते लिहायचं. गाणं ज्यानं केलं त्याचं बोलणं वेगळं, प्रोड्यूसरचं वेगळं, आणि कुणीतरी कमेंटमध्ये टाकलेलं तर लईच वेगळं. शेवटचं वहीत घेऊच नका.

हे का सांगतोय तर ह्या गाण्यावर रेकॉर्डिंगच्या वेळी खरंच भांडण झालं होतं आणि ते आजही ऐकू येतं. प्रोड्यूसर बॉब एझरिन आणि वॉटर्स यांना मायकेल केमननं लिहिलेला ऑर्केस्ट्रा पाहिजे होता, गिलमोरला पाहिजे होतं जरा खरबरीत, ड्रम-गिटारवर चालणारं. शेवटी तडजोड झाली, गाण्याचं अंग ऑर्केस्ट्रावालं ठेवलं आणि शेवटचा सोलो त्या दुसऱ्या, कडक व्हर्जनमधून घेतला. आता हेडफोन लावा आणि साधारण साडेचार मिनिटांपासून पुढं ऐका, ड्रमचं वजन बदललेलं कळतंय का बघा. एकदा कळलं की तुमच्या ड्रमरला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही, पहिली चार मिनिटं हात आवरायचा आणि तिथून पुढं सोडायचा. आणि तो सोलो, जो एका दमात वाजवला असं सगळ्यांना वाटतंय, तो गिलमोरनं पाच-सहा वेळा वाजवून त्यातले चांगले चांगले तुकडे निवडून जोडलेला आहे, हे त्यानंच सांगितलंय. म्हणजे जो टॅब तुम्ही जसाच्या तसा पाठ करायलात तो त्या माणसानं स्वतः पण एका बैठकीत तसा वाजवलेला नव्हता! पोरांना हे कळलं की लई मोकळं वाटतंय.

स्टुडिओ व्हर्जन ऐकताना अजून दोन गोष्टी टिपा. एक, पट्टी. अंतरा बी मायनरमध्ये आणि ध्रुवपद डी मेजरमध्ये. डॉक्टर बोलतो तेव्हा सगळं खाली दाबलेलं, आणि पेशंट बोलायला लागला की एकदम आभाळ मोकळं होतं, खरं तर तो बधिर झालेला आहे पण त्याला तेच बरं वाटायलंय, आणि हे शब्दांच्या आधी सुरांनीच सांगून टाकलंय. पहिला सोलो ह्या डी मेजरच्या ध्रुवपदावर आहे म्हणून तो गोड लागतो, दुसरा बी मायनरवर, त्याच बी मायनर, ए, जी, ई मायनर ह्या कॉर्डच्या फेऱ्यावर, म्हणून तो चावतो. दोन्ही सोलो एकाच भावात वाजवणारे गिटारिस्ट मी लई ऐकलेत, वाईट वाटतं. दोन, शेवट. रेकॉर्डवर गाणं हळूहळू आवाज कमी होत विरून जातं, शेवट असा नाहीच. म्हणजे ज्यानं ज्यानं हे स्टेजवर वाजवलं त्याला शेवट स्वतः बनवावा लागला. हे वहीत लिहून ठेवा, लाइव्ह ऐकताना सगळ्यात जास्त कामाला येणार.

आता लाइव्हचा इतिहास. इथं पोरं थेट यूट्यूबवर गाण्याचं नाव टाकतात आणि जे वर येईल ते बघतात, त्यात तारखा चुकीच्या असतात, आवाज दुसऱ्या शोचा आणि चित्र तिसऱ्याच शोचं असतंय. तसं नका करू. आधी बँडनं स्वतः काढलेले लाइव्ह अल्बम आणि व्हिडिओ काढा, त्यांच्या तारखा पक्क्या असतात. मग सेटलिस्ट डॉट एफएमवर जाऊन गाणं कुठल्या टूरमध्ये कितव्या नंबरला वाजायचं ते बघा, ते लोकांनी भरलेलं असतंय त्यामुळं अल्बमवरच्या माहितीशी ताडून घ्या. आणि सगळ्यात शेवटी लोकांनी शूट केलेले व्हिडिओ. वहीत आडव्या रेघा मारून रकाने करा, तारीख, गाव, अंतरा कुणी म्हटला, ध्रुवपद कुणी म्हटलं, लय, सोलो किती वेळ, शेवट कसा केला. ‘कसं वाटलं’ असा पण एक रकाना ठेवा, त्याची लाज वाटू देऊ नका.

सुरुवात १९८०-८१ पासून करा. ‘द वॉल’चे मूळ शो फक्त ३१ झाले आणि ते पण चारच गावांत, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं नॅसॉ, लंडनचं अर्ल्स कोर्ट आणि जर्मनीतलं डॉर्टमुंड, कारण स्टेजवर पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या विटांची प्रचंड भिंत शो चालू असताना रचत जायची आणि शेवटी पाडायची, हे घेऊन गावोगाव फिरणं परवडणारंच नव्हतं. ‘कम्फर्टेबली नम्ब’ यायचं तेव्हा भिंत पूर्ण उभी राहिलेली असायची, बँड मागं झाकलेला. वॉटर्स भिंतीच्या पुढं, डॉक्टर होऊन, उजेडात अंतरा म्हणायचा. गिलमोर भिंतीच्या मागून लिफ्टवर वर चढवलेला, अंधारात वाट बघत उभा. अंतरा संपला की खालचा उजेड जायचा आणि गिलमोरच्या पाठीमागून एकदम झोत पडायचा आणि हजारो माणसांच्या माना एकदम वर जायच्या. विचार करा, डॉक्टर खाली जमिनीवर, पेशंट वर हवेत, दोघं एकमेकांना दिसत पण नाहीत. गाण्याचा सगळा अर्थ त्यांनी माणसं कुठं उभी करायची एवढ्यावरच दाखवून दिला. आपल्या गॅदरिंगला लिफ्ट मिळणार नाही, पण अंतरा म्हणणारा एका कडेला आणि ध्रुवपद म्हणणारा दुसऱ्या कडेला उभा करायला तर काही लागत नाही, आणि दोन लाइट असतील तर एक मालवून दुसरा लावायला लाइटवाल्या दादाला आधी नीट सांगितलं की तो आवडीनं करतोय. हे शो ऐकायचे असतील तर २००० साली त्यांचा अधिकृत अल्बम निघालाय, तो घ्या.

पुढची पायरी, वॉटर्स बँड सोडून गेल्यावरची. १९८७ ते ८९ ची टूर आणि मग १९९४ ची. प्रश्न असा की डॉक्टरच गेला, आता अंतरा कुणी म्हणायचा? त्यांनी तो तिघांत मिळून म्हटला, कीबोर्डचा रिक राइट, बासचा गाय प्रॅट आणि जॉन कॅरिन, तिघांचे आवाज एकावर एक. ऐका, लई वेगळं लागतंय, एक माणूस बोलतोय असं वाटतच नाही, दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून आवाज आल्यासारखं काहीतरी. आणि ह्यातला रिक राइट म्हणजे ज्याला ‘द वॉल’च्या रेकॉर्डिंगच्या काळातच बँडमधून काढलं होतं आणि १९८०-८१ चे शो ज्यानं पगारावर वाजवले, तो माणूस. त्याला ज्या अल्बमच्या वेळी बाहेर काढलं त्याच अल्बमचं सगळ्यात मोठं गाणं पुढं वर्षानुवर्षं त्याच्या तोंडी होतं, २००६ मध्ये पोलंडच्या ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात गिलमोरचा शो झाला तेव्हा पण तो सोबत होता. १५ सप्टेंबर २००८ ला तो गेला. त्याच्या आवाजात अंतरा ऐकताना मला दर वेळी गलबलून येतं, आणि हा इतिहास माहीत असल्याशिवाय ते होत नाही.

१९९४ चं अर्ल्स कोर्टचं व्हर्जन, ‘पल्स’ ह्या लाइव्ह अल्बम-व्हिडिओतलं, तुम्ही बघितलंच असणार, सगळे तेच बघतात. मोठा आरसे लावलेला गोळा वर चढतो आणि उमलतो, सगळं सभागृह ठिपक्यांनी भरून जातंय. रेकॉर्डवरचं गाणं सव्वासहा मिनिटांच्या थोडं वर आहे, इथं ते साडेनऊच्या आसपास गेलंय आणि वाढलेला सगळा वेळ शेवटच्या सोलोचा. इथं घड्याळ लावून नाही तर फेरे मोजून ऐका, बी मायनरचा फेरा किती वेळा येतो आणि कुठल्या फेऱ्याला गिलमोर गिटारच्या वरच्या पट्ट्यांवर जातो. त्याला घाई नाही, आधी खाली बसून बोलतो, मग चढतो. आणि शेवट बघा कसा ठोकून केलाय, रेकॉर्डवर नसलेला. आणखी एक, ह्या टूरमध्ये त्याच्या हातात लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार आहे, रेकॉर्डिंगवाली काळी नव्हे. ती काळी गिटार २०१९ मध्ये लिलावात जवळपास ४० लाख डॉलरला गेली. गिटार बदलली तरी आवाज त्याचाच राहिला, तेव्हा ज्यांच्याकडं भारी गिटार नाही त्यांनी हे मनावर घेऊ नका, एक बिग मफसारखा फझ (आवाज खरबरीत करणारा पेडल), थोडा डिले (सूर मागून परत ऐकू येणारा) आणि बोटानं तार ओढल्यावर सूर नेमका लागणं, एवढं जमवा.

वॉटर्सच्या बाजूचा इतिहास वेगळ्या पानावर लिहा. २१ जुलै १९९० ला बर्लिनमध्ये, भिंत पडून वर्ष पण झालं नव्हतं तेव्हा, पॉट्सडॅमर प्लात्झच्या मोकळ्या जागेवर त्यानं अख्खा ‘द वॉल’ केला आणि ह्या गाण्याचं ध्रुवपद व्हॅन मॉरिसननं म्हटलं, त्याचा आवाज एकदम मातीचा, गिलमोरसारखा तरंगणारा नाही, आणि तरी चालून गेलं. नंतरच्या टूरमध्ये वॉटर्स ध्रुवपदाला दुसरा गायक आणि सोलोला कधी एक कधी दोन गिटारिस्ट घ्यायचा. तो आपल्याकडं पण आलाय, २००२ ला बंगळूर आणि २००७ ला मुंबई, त्या मुंबईच्या शोला आपल्या भागातून रात्रीच्या गाडीनं गेलेले लोक अजून भेटले की तेच सांगतात. २०२२ मध्ये तर त्यानं गाण्याचं नवं व्हर्जन काढलं, खालच्या पट्टीत, काळवंडलेलं, आणि गिटारचे दोन्ही सोलो काढूनच टाकले. बऱ्याच जणांना राग आला. मला ते व्हर्जन फार आवडत नाही, पण अभ्यासासाठी जरूर ऐका, सोलो नसताना पण गाण्यात डॉक्टर आणि पेशंट उरतात हे तिथं कळतंय.

आणि मग २ जुलै २००५, लंडनचं हाइड पार्क, लाइव्ह एट हा गरिबीविरुद्धचा मोठा कार्यक्रम. वॉटर्स, गिलमोर, राइट आणि ड्रमर निक मेसन, चौघं एकत्र, १९८१ नंतर पहिल्यांदा, २४ वर्षांनी, आणि शेवटचं गाणं हेच. अंतरा परत वॉटर्सकडं, ध्रुवपद परत गिलमोरकडं. तांत्रिक बाजूनं बघाल तर ‘पल्स’ जास्त चकचकीत आहे, पण इथं दोघं एकमेकांशी खरंच बोलायलेत असं वाटतं, आणि गाणं संपल्यावर गिलमोर निघाला होता, वॉटर्सनं त्याला हातानं परत बोलावलं आणि चौघांनी गळ्यात गळे घातले. पुढं २०१० मध्ये एका मदतीच्या कार्यक्रमात दोघं परत भेटले, त्याच्या आधीच ठरलं होतं की वॉटर्सनं तिथं एक जुनं गाणं सोबत म्हटलं तर गिलमोर वॉटर्सच्या ‘द वॉल’च्या एखाद्या शोमध्ये येऊन हे गाणं वाजवणार, आणि १२ मे २०११ ला लंडनच्या ओटू अरीनात तो खरंच आला, परत त्या भिंतीच्या वर. हे सगळं लक्षात ठेवून तो व्हिडिओ बघा, वॉटर्स खाली उभा राहून वर बघतोय तो चेहरा बघा.

एवढे रकाने भरले की वही समोर ठेवा आणि विचारा, काय काय बदललं? अंतरा म्हणणारा बदलला, एक झाला, तीन झाले, २००६ मध्ये गिलमोरच्या शोला डेव्हिड बोवीनं म्हटला. सोलोची लांबी बदलली, गिटार बदलली, शेवट बदलला. काय नाही बदललं? संथ लय, रेकॉर्डवर मेट्रोनोमला साधारण ६४ च्या आसपास, दोन आवाजांचं बोलणं, आणि मायनरमधून मेजरमध्ये उघडणं. कीर्तनात अभंग तोच असतो, निरूपण महाराजागणिक बदलतं आणि तरी अभंगाचे शब्द कुणी हलवत नाही, तसंच हे आहे. जे चाळीस वर्षांत त्यांनी पण हलवलं नाही ते तुम्ही हलवू नका, बाकी सगळं तुमचं आहे.

म्हणजे प्रत्यक्षात कसं करायचं, तर दोन गायक घ्या, आणि अंतरा म्हणणाऱ्याला गाऊ नको, बोल म्हणा, शांतपणे, दवाखान्यात बोलतात तसं. कीबोर्डला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा एखादा दादा मिळाला तर सोनंच, त्याला स्ट्रिंग्सचा आवाज कधी आत आणायचा आणि कधी बाहेर काढायचा हे बरोबर कळतंय, फक्त त्याला सांगा की अंतऱ्यात अगदी बारीक आणि ध्रुवपदात भरून. ड्रमरला मेट्रोनोम द्या, कारण समोर माणसं बघितली की लय ७० च्या पुढं पळते आणि सगळी जादू जाते. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की शेवटच्या सोलोला गिटार वर घे, नाहीतर डीजेच्या सवयीनं तो बास वर घेऊन बसतो. आणि लाइट जायची भीती असेल तर जनरेटर चालू असताना एकदा ॲम्प लावून बघाच, घरघर येते, ती कुठल्या पिनवर कमी होते ते कार्यक्रमाच्या आधी कळलेलं बरं.

लोकांना सांगायचं पण आहे, समोर बसलेल्या निम्म्या लोकांना इंग्रजी शब्द कळणार नाहीत. सुरुवातीचा कॉर्ड चालू ठेवून अर्ध्या मिनिटात मराठीत सांगा: ‘एक गायक आहे, शोच्या आधी हॉटेलच्या खोलीत आजारी पडलाय, बाहेर हजारो लोक वाट बघायलेत. डॉक्टर येतो, इंजेक्शन देतो, उठ म्हणतो. हा डॉक्टर बोलेल, आणि हा तो गायक.’ दोघांकडं हात करा. एवढं पुरतं. परभणीला एका पोरांच्या बँडनं असंच केलं होतं, पुढच्या रांगेत बसलेल्या बायका मान डोलवत ऐकत होत्या आणि दुसऱ्या अंतऱ्याला डॉक्टर बोलायला लागला तसं एक आजी शेजारणीला म्हणाल्या, ‘हा बघ, आला परत सुई घेऊन.’

राहिला वेळेचा प्रश्न, कारण गॅदरिंगला सूत्रसंचालक पाच मिनिटं म्हणतो आणि चारलाच खुणा करायला लागतो. अशा वेळी पोरं दुसरा अंतरा कापतात, तो कापू नका, त्याशिवाय इंजेक्शनची गोष्ट पूर्णच होत नाही. सुरुवातीचे बार (तालाची आवर्तनं) कमी करा आणि शेवटच्या सोलोचे फेरे ठरवून घ्या, चार म्हणजे चार, चौथ्याच्या शेवटी ड्रमरनं गिटारवाल्याकडं बघायचं आणि सगळ्यांनी मिळून बी मायनरवर एकदम थांबायचं.